न सुटणारं बकल

तिथे नको, तिथे ती बसते. आता बसलेली नाही, पण बसेल, आणि एकदा बसली की कुणाच्या बापाच्यानेही उठत नाही. तुम्ही ही खुर्ची घ्या. पाय डुगडुगतो, पण पडणार नाही, मी आवळून ठेवलाय. तर काय विचारत होतात — महिना कसा गेला. गेला. महिने जातातच, त्यात विचारायचं काय? त्याचीही चौकट आहे का तुमच्या कागदावर? घाला खूण. मला तुमच्या संस्थेचं कौतुक वाटतं, मॅडम. शर्यतीत पळून पळून दमलेली कुत्री म्हाताऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि महिन्याने येऊन बघायचं की म्हाताऱ्याने तिला खाल्लं तर नाही. नाही खाल्लं. खाण्यासारखं काय आहे तिच्यात? कागदावर हातभर नाव आहे तिचं, घोड्याला शोभेल असं. मी शिडी म्हणतो. बरगड्या बघा, म्हणजे नाव का ते कळेल.

विचारा तुमचं एकेक. पाणी — ते काय भांडं. झोपायला गादी — गादी आहे, झोपते सोफ्यावर, चारी पाय वर करून, कुणीतरी उलटं टाकलेलं स्टूल असावं तशी. कुंपण — तुम्हीच हात लावून बघितलंत मघाशी, छातीइतकं उंच आहे. डॉक्टर — कोपऱ्यावरचा, तरुण आहे, बोलतो फार. आणि ते सातवं कलम मला पुन्हा वाचून दाखवू नका, पाठ आहे. इजा झाली तर चोवीस तासांत कळवायचं, नाही कळवलं तर कुत्री परत. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण एवढं कळतं. सरकारी माणसं जावयाला मुलगी देताना असं लिहून घेत असतील.

पट्टा? घरात पट्टा नाही. बघा ना, आहे का गळ्यात? नाही. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं, घाला खूण. पहिल्या दिवशी तासभर शिकवलंत मला, इथेच उभ्या राहून. या जातीची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा डोक्यावरून निसटतो, म्हणून बाहेर नेताना रुंद पट्टा, ओढला की थोडा आवळणारा, आणि खाली दोन बोटं जातील एवढी जागा. इथवर पटलं मला, यात अक्कल आहे. पण मग म्हणालात, दारातून आत आलं की तो काढायचा. घरात काहीच नको, आणि घालायचंच असेल तर हे घाला — आणि पिशवीतून काय काढलंत? ती प्लॅस्टिकची चिमटी लावलेली पट्टी. जरा जोर लागला की आपोआप सुटते म्हणे. मी तेव्हा हसलो, तुम्हाला राग आला असेल, यायला हवा होता. कारण मॅडम, तुम्हाला ठाऊक नव्हतं तुम्ही कुणाला पट्टा शिकवताय.

बेचाळीस वर्षं मी पट्टे शिवले. कमरेला करदोटा बांधतात तसले नाहीत — माणसं लटकतात ते. खांबावर चढणारा तारवाला, उंच इमारतीच्या काचा पुसणारा, रंगारी, सगळे माझ्या पट्ट्यावर. चार पदरी नायलॉन, मेण लावलेला दोरा, आणि बकल माझं स्वतःचं. म्हणजे घडवायचा दुसरा, पण डोकं माझं. त्याची खुबी एकच, ओढ असताना ते उघडत नाही. वजन पडलं की दात आणखी रुततात. दहा माणसांनी मिळून झटापट केली तरी नाही. वजन काढलं की लहान मूलही उघडेल. प्रत्येक पट्ट्याला मी वाळूचं पोतं टांगून ठेवायचो, दोन माणसांच्या वजनाचं, दिवसभर. मालक म्हणायचा, अरे बाबा, एवढं कशाला, एक तास पुरे. मी म्हणायचो, लटकणारा तू नाहीस. माझा एकही पट्टा तुटला नाही. एकही. विचारा कुणालाही — म्हणजे विचारायला आता कुणी उरलं नाही, पण नाही तुटला. आणि अशा माणसाला तुम्ही सांगताय की चांगला पट्टा तो, जो सुटतो. उद्या म्हणाल चांगली भिंत ती, जी पडते.

तो मफलर? थंडी वाजते तिला. अंगावर चरबी नाही, कातडं आणि हाडं. माझ्या बायकोचा आहे तो. सहा वर्षं कपाटात पडून होता, कसर लागण्यापेक्षा कुत्रीच्या गळ्यात बरा. ती असती तर मला कुत्रीसकट बाहेर काढलं असतं. नाही, खोटं बोललो, कुत्रीला ठेवून घेतलं असतं.

स्वयंपाकघरातल्या कपाटाला दार नाही ते खरं. लाकूड फुगलं होतं. काढून टाकलं. तुमची नजर फार फिरते हो.

झालं? सगळ्या चौकटी भरल्या? बघू. मला काही वाचता येणार नाही एवढ्या बारीक अक्षरातलं, पण खुणा दिसतात. चांगल्या दिसतात. मग ठेवा पेन पिशवीत. चहा घेणार नव्हतात ना, नाहीतर केला असता.

काय म्हणालात? गेल्या महिन्यात एका घरात — जिन्याच्या कठड्यात कुत्र्याचा पट्टा अडकला. मेला? हं. तरुण जोडपं असेल. आणि तुम्ही त्यांना काय म्हणता, निष्काळजी? बसा जरा. बसा म्हटलं ना. निष्काळजी कसे? पट्टा स्वस्तातला असता, कुठल्या तरी टपरीवरचा, शिवण उसवलेली, तर काय झालं असतं? तुटला असता. कुत्रं धपकन पडलं असतं आणि शेपटी घालून निघून गेलं असतं. निष्काळजी माणसाचं कुत्रं वाचतं, मॅडम. मरतं ते काळजी घेणाऱ्याचं. चार पदरी शिवणाऱ्याचं. आठ दिवस बसून, डोळ्याला नीट दिसत नसताना, सुईत दोरा ओवायला अर्धा अर्धा तास घालवून शिवणाऱ्याचं —

पेन पुन्हा कशाला काढलंत?

हां. असं आहे तर. मी बोललो आणि तुमचं पेन बाहेर आलं. बायको म्हणायची, तुझं तोंड म्हणजे दार नसलेलं कपाट. असू दे. खोटं मी शिवणीत कधी ठेवलं नाही, आता या वयात कागदावर कशाला ठेवू?

शिवला मी तिला पट्टा. तुम्ही गेलात त्याच दिवशी मापं घेतली. तुमची चिमटी टाकली कचऱ्यात. बिनपट्ट्याचं कुत्रं म्हणजे कुणाचंच नाही, असं वाटायचं मला. उद्या दार उघडं राहिलं, ही पळाली, हिच्याइतकं कोण पळणार मागे, आणि गळ्यात काही नाही, मग कुणी कशावरून म्हणावं की ही माझी? तर शिवला. आतून मऊ कातडं, बाहेरून नायलॉन, पुढे लोखंडी कडी, आणि बकल — तेच. शेवटचं एक उरलं होतं माझ्याकडे, डब्यात, फडक्यात गुंडाळून. शोभत होता हो तिला. रस्त्यावर माणसं थांबून विचारायची, कुठे घेतला. आणि मी घरातही काढला नाही. का काढू? एवढं केलेलं काढून खुंटीला लावायचं?

बारा दिवसांपूर्वी. सकाळी. मी मोरीत दाढी करत होतो. हिची खोड तुम्हाला ठाऊक असेल, ओट्यावर पुढचे पाय टाकायचे आणि लोणी चाटायचं. उतरताना कडी अडकली कपाटाच्या दारावरच्या आकड्यात. फडकं टांगायला मीच बसवलेला आकडा, चांगला जाड. आणि खाली फरशी गुळगुळीत, मागचे पाय धरेनात, पुढचे पोचेनात. मला नखांचा आवाज आला, फरशीवर, खरडल्यासारखा. मी म्हटलं, चालू दे, नाचतेय. दोन्ही गालांवर साबण होता. मग आवाज थांबला. ओरडली नाही, मॅडम. हे कुत्रं ओरडतच नाही, ते तुम्ही मला सांगितलं नव्हतं. नखांचा आवाज थांबला म्हणून मी आलो. एक गाल करून मग आलो. हे पण लिहा.

लटकली होती. जीभ काळी. मी खाली खांदा घातला, उचललं. ती अठ्ठावीस किलो, माझं वय सत्त्याहत्तर. तशी उचलली की ती झटके द्यायची, झटके दिले की ओढ बसायची, ओढ बसली की बकल — सांगितलं ना तुम्हाला, दात आणखी रुततात. माझंच डोकं. सुरी होती ओट्यावर, घेतली, चालवली. चार पदर. दोन कापले गेले असतील. मी माझ्याच कामाला शिव्या दिल्या, आयुष्यात पहिल्यांदा. लेका, म्हटलं, एक टाका तरी कच्चा घालायचास. मग लाथा घातल्या त्या दाराला. बिजागऱ्या सुटेपर्यंत. दार, आकडा, कुत्री आणि मी, सगळे एकदम खाली. ती उठली माझ्या आधी. उठून माझ्या गालावरचा साबण चाटला. अक्कल नाही हो या जातीला, तुम्ही म्हणता हुशार.

डॉक्टरला दाखवलं, त्याच दिवशी. त्याचा कागद आहे, देतो. आठ दिवस पातळ खायला, मी भरवलं चमच्याने. आणि या, बघा. शिडी, इकडे ये. मफलर काढतो. घाबरू नका, भरत आलंय, केस येतील म्हणतो डॉक्टर. थंडी नाही वाजत तिला. म्हणजे वाजते, पण त्यासाठी नव्हता.

तुम्हाला नाही कळवलं. चोवीस तास होते, मी बारा दिवस गप्प बसलो. कशाला, ते तुम्हाला कळतंय, उगाच विचारू नका.

आणि तो पट्टा तुटला नाही हे तुम्ही लिहायची गरज नाही. हे वाक्य मी एकदा म्हटलंय. मेव्हणा होता माझा, बायकोचा धाकटा भाऊ, काचा पुसायचा. माझ्याच पट्ट्यावर घसरला, चौथ्या मजल्यावरून, आणि लटकला. पडला नाही. पाऊण तास लटकला, बंबवाल्यांची शिडी येईपर्यंत. पट्टा छातीत रुतला होता, उतरवला तेव्हा संपला होता. मी घरी गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, माझा पट्टा तुटला नाही. म्हणजे मला वाटलं, ते सांगायला हवं. लोक म्हणतील शिवण गेली. तर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, तुटला असता तर खाली पहिल्या मजल्याच्या पत्र्यावर पडला असता, पाय मोडला असता. एवढंच म्हणाली. परत कधी त्यावर बोलली नाही. तीस वर्षं संसार केला आम्ही त्यानंतर, चांगला केला. मी कधी उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याकडे होतं असं मी धरून चालत होतो.

हे लिहू नका. याला तुमच्या कागदावर चौकट नाही.

नको, पाणी नको मला. माझ्या घरात मला पाणी काय विचारता?

पुन्हा होईल का, हे विचारताय. घरात काय आहे आता तिच्या गळ्यात? काही नाही. बाहेर जाताना तुमचा तो रुंद पट्टा, आत आलं की दारातच काढतो, खुंटी दाराच्या बाहेर ठोकलीय, म्हणजे विसरायला नको. सगळे आकडे काढले, कपाटाचे, मोरीचे, दारामागचे. माझा सदरा आता खुर्चीवर असतो. तुमची ती चिमटी कचऱ्यातून परत नाही मिळाली, गाडी येऊन गेली होती. दुसरी आणलीत का? ठेवा पिशवीतच. घरात काहीच नको, तुम्हीच म्हणालात, आता का बदलताय?

लिहिलंत? वाचून दाखवू नका. बारा दिवस लिहिलेत ना? दहा नको, बारा. आणि डॉक्टरचा कागद मागे टाचा, हरवेल. सही कुठे — इथे. चष्मा राहू दे, सहीला चष्मा लागत नाही.

आता तुमचे साहेब ठरवतील ते ठरवतील. माझी विनवणी वगैरे काही लिहायची नाही, मी केलेली नाही. फक्त एक. न्यायचं ठरलं तर न्यायला तुम्हीच या. दुसरं कुणी पाठवू नका. मानेला हात लावू देत नाही ती आता कुणाला, माझ्याशिवाय, आणि तुम्हाला मघाशी दिला लावू. सकाळी या, फिरून आल्यावर, तेव्हा शांत असते. मी गाडीपर्यंत येईन, पुढे नाही.

उठा. उशीर झाला तुम्हाला.