अर्ध्या कोयत्याची जागा

अवो, कुणी गोड सपान बगत असलं तर त्याला असं उटवतेत व्हय? तुमाला सांगतो, दुपारची येळ, गंगाखेडातली माजी खोली, खिडकीतून गोदावरीचा गार वारा यायलाय, डोळ्यापुडं उसाचे पांढरे तुरे डुलायलेत, मी तरंगत तरंगत पार पल्याड चाललोय... अन् स्क्रीनवर लाल ओळ! "आख्खा आकडा पाहिजे, अर्धा दिलाय!"

काम काय, तर राणीसावरगावच्या बन्सीधर मुकादमाची टोळी ऊसतोडीला जायची, ट्रकात कुणाला किती जागा ते ठरवनारा प्रोग्राम पीएचपीत, म्हंजे कॉम्प्युटरच्या एका भाषेत, लिवायचा. मुकादम म्हनले, "इरेश, कोयते मोज, जागा आपोआप निगतेत!" आता नवरा-बायको मिळून एक कोयता, अन् एकटं मानूस म्हंजे अर्धा कोयता, हे काय म्या सांगावं तुमाला? मी बी तसंच लिवलं. पॉइंट पाच!

अन् ते तपासनारं सॉफ्टवेअर! प्रोग्राम चालवायच्या आधी नुसता वाचूनच खोड्या काढतंय, जनू माजी आत्याच शिरली त्याच्यात! "आख्खा आकडा पाहिजे, अर्धा दिलाय!" अगं असू दे की माय! पीएचपी लय भोळी, ती भांडत न्हाई, पॉइंटच्या मागचं गपचिप कापती अन् पुडं जाती. म्हनलं, ह्या आत्याला गप करनारी एक ओळ लिवावी अन् परत तुऱ्यात जावं...

बोट बटनावर... अन् डोक्यात टूब पेटली! पॉइंट पाचातलं पाच कापलं तर उरलं काय? शून्य! अन् टोळीत अर्धा कोयता कोन? सारजाबाई! नवऱ्याचा पाय मोडला म्हनून बिचारी औंदा एकटीच निगालेली. ट्रक भरून गेला असता, अन् बाई बोचकं घिऊन फाट्यावर उभी! आख्खा हंगाम गेला असता की वो तिचा! माजी झोप पार उडाली.

कोयते सोडले, मानसं मोजली. सारजाबाई एक! लाल ओळ गायब.

ट्रक निगायच्या दिवशी म्या मोठ्या हौसेनं तिला समदं सांगितलं. वाटलं, बाईचे डोळे भरतेल... ती ट्रकातून वाकून काय म्हनती? "बाबा, माजा मालक बरा झाला की मी आख्खी हाय. तुजी तिशी सरली, अजून लगीन न्हाई, तू अर्धाच की रं!" समदा ट्रक खदाखदा हसायलाय!

आता परत खिडकीत बसलोय... वारा यायलाय, तुरे डुलायलेत... अन् सपनात बी त्या आत्याचं तेच. "आख्खा पाहिजे, अर्धा दिलाय!" हितं गप करायचं बटन बी न्हाई. बोलू द्या मंग तिला.