पाहुणा नव्हे, रहिवासी

व्यासपीठावरील माननीय अध्यक्ष, संग्रहालयाचे संचालक, सत्कारमूर्ती साहेब आणि समोर बसलेल्या सर्व मंडळींनो,

आज तीस जून. सकाळी साहेबांनी निवृत्त होताना कीटक विभागाच्या किल्ल्या सोपवल्या, दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, आणि आता मला उभं केलंय. मला भाषणाची सवय नाही. माझे यजमान याच विभागात साहेबांचे सहकारी होते. ते गेल्या वर्षी वारले. त्यांच्या वतीने बोलते.

आमच्या अंगणातल्या भिंतीवर ह्यांना एक पतंग दिसला. तळहाताएवढा, फिकट हिरवा, मागच्या पंखांना लांब शेपट्या. दूरच्या दमट जंगलांबाहेर तो कुणी पाहिला नव्हता. साहेबांनी ओळखला आणि म्हणाले, "पतंग खरा. पण लाकडाच्या ट्रकमधून आला असेल. एकाच पतंगावरून मी 'इथला' अशी नोंद करत नाही."

"तो इथलाच आहे," हे म्हणाले.

"मग त्याची पोरंबाळं दाखव."

साहेबांचं चुकलं का? मुळीच नाही. पुरावा न मागता केलेल्या नोंदीला कोण विचारतो? पण मग रोज चहाला साहेब विचारायचे, "काय, तुझा ट्रकवाला बरा आहे ना?" आणि हे घरी येऊन माझ्यावर धुमसायचे. आजारपणातही तेच. "ती नोंद तेवढी राहिली गं."

हे गेल्यावर साहेब भेटायला आले. घर माणसांनी भरलेलं. हे गृहस्थ आत येईचनात. आमच्याकडे पाठ, डोकं कुंपणाच्या झुडपात. माझे थोरले दीर जरा तापट. म्हणाले, "साहेब, भेटायला आलात की पाला खुडायला?"

साहेबांनी वळूनही पाहिलं नाही. मला हाक मारली. पानांखाली त्याच पतंगाच्या अळ्या होत्या; काही नखाएवढ्या, काही बोटाएवढ्या.

"वहिनी, ट्रकमधून एखादा येतो. अशी लहानमोठी पिलावळ येत नाही. तो बरोबर होता, मी नव्हतो."

सांत्वनाचं बोलायचं ते विसरूनच गेले. दिरांना ते अजून खटकतं. मला विचाराल, तर त्या दिवशी आलेल्या एवढ्या माणसांत माझं सांत्वन त्यांनीच केलं.

नोंद झाली, ह्यांच्या नावाने झाली. साहेब, तुम्ही दोघांनी ती नीट केलीत. आता ती कुणी खोडणार नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. चहाला मात्र थांबत नाही. नळाला पाणी यायची वेळ झाली, आणि भरायला घरी आता मीच आहे.