फांदीवरचा पक्षी

सदाहरित जंगलाच्या फाटकाशी एकच खिडकी होती. सुट्टी काढून आलेल्या नर्सबाई उद्याच्या तिकिटासाठी रांगेत उभ्या होत्या. मागे भाड्याची दुर्बीण परत करायला एक नवरा-बायको आले.

“मी सांगतो, त्या पक्ष्यात पेंढा भरलेला होता.”

“काहीतरीच तुमचं! झोपला होता तो.”

“रोज त्याच फांदीवर? रोज नेऊन दाखवतात?”

“वाटाड्या म्हणाला ना, वर्षानुवर्षं हीच त्याची जागा आहे म्हणून.”

“म्हणणारच. त्याचं पोट आहे त्याच्यावर.”

नर्सबाई वळल्या. “तो बेडकासारख्या तोंडाचा पक्षी? दिसला तुम्हाला? मी खास त्याच्यासाठीच आलेय हो!”

“अहो, सांगा आता यांना.”

“काय सांगायचंय? सगळे पुढे गेल्यावर मी एक खडा मारून पाहिला.”

“खडा? मग?”

“उडाला.”

“म्हणजे खराच होता!”

“छे हो, ताई. त्याची वर्षानुवर्षांची जागा ना ती? आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. खरा असता तर परत येऊन बसला नसता?”