बेलच्या बटणातला लाल दिवा

तुम्ही हसाल, पण ठाकुर्लीच्या घराची बेल मी मोबाईलला जोडली आणि माझ्या डोक्याचं दही झालं. ऑफिसात बसलोय, तर दर पाच मिनिटांनी मेसेज: 'दारात कोणीतरी आहे.' आईला फोन लावला. "अगं, कोण आलंय?"

"कोणी नाही रे."

तिसऱ्या फोनला ती म्हणाली, "कोण येणारे ते तरी सांग, चहा टाकते."

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बटणातल्या त्या बारीक लाल दिव्यातून थोडा करंट जातो. सिस्टिमला वाटतं, कोणीतरी बेल दाबतंय." दिवा काढून टाकला. मेसेज बंद.

रविवारी खडवलीचे काका जेवायला येणार होते. दोन वाजले तरी पत्ता नाही. फोन केला तर म्हणे, "खाली बाकड्यावर बसलोय. तुमच्याकडे लाइट गेलीय ना?"

"नाही हो, आहे की!"

"बेलचा लाल दिवा बंद होता. म्हटलं, बेल वाजणारच नाही. म्हणून दार ठोठावलं, चांगलं दोनदा."

मी आईकडे बघितलं. ती दोनदा म्हणालेली, "अरे, दार वाजतंय." आणि मी दोन्ही वेळा मोबाईल बघून सांगितलेलं, "कोणी नाहीये गं."