जाड पुस्तक

नानाखेड्याकडच्या कॅन्सरच्या दवाखान्यात कुमुद सासूबाईंचा नंबर लागायची वाट बघत बसली होती. शेजारी एक नवराबायको बोलत होते. नवऱ्याचे हात काटकुळे, पण आजाराने फुगलेलं पोट सदऱ्यात मावत नव्हतं.

"बँकेत कॉम्प्युटरच्या त्या जुन्या बेसिक भाषेवर भागलं. ऑब्जेक्टवाली नवी भाषा मात्र शिकायची राहिली बघ."

"मग शिका की. शौकाला कोण नाही म्हणतंय?"

"जावा की सी प्लस प्लस, तेच ठरत नाहीये."

"सोपी कुठली?"

"जावा. पुस्तकही पतलं आहे."

"आणि जास्त दिवस लागतात ती?"

"सी प्लस प्लस. त्यात वर्षं जातात म्हणे."

"तीच घ्या."

"अगं, त्याचं पुस्तक हे एवढं जाड. या पोटावर ठेवून वाचवणार नाही मला."

"जिल्दवाल्याकडून त्याचे चार भाग बांधून आणते. एकेक हातात धरून वाचा."

तेवढ्यात आतून त्या गृहस्थांचं नाव पुकारलं. बाकाचा आधार घेत ते उठले आणि थांबले.

"ऐक, सध्या पहिलाच भाग बांधून आण."

बायकोने वाकून चपला त्यांच्या पायाशी सरकवल्या.

"चारही आणणार आहे. चप्पल घाला."