कोंबड्याला परवानगी

२००४ सालचा वसंत होता. मुलगा जर्मनीत रेगेन्सबर्गजवळ घर शोधत होता. मी सांगून टाकलं, "कोंबड्या पाळता येतील तिथंच राहीन. नाहीतर मला गावी पाठव."

बाउआम्टात, म्हणजे बांधकाम कचेरीत, साहेबानं नकाशा पसरला. गावातलं एकूण एक अंगण त्यात रंगवलेलं! एका घरावर बोट ठेवून तो म्हणाला, "इथं कोंबड्या चालतील. कोंबडा ठेवायचा तर शेजारणीला विचारा."

कोंबड्यानं कुठं आरवावं, हेही या लोकांनी ठरवून ठेवलंय!

शेजारीण फ्राऊ हुबर माझ्याच वयाची. कुंपणापाशी तिनं विचारलं, "कोंबडा पहाटे ओरडणार का?"

मी मुलाला म्हणालो, "सांग तिला, ओरडला नाही तर कापून खाईन."

ती खो खो हसली. आम्ही राहायला आलो त्या दिवशी काखेत स्वतःची खुडूक कोंबडी आणि टोपलीत अंडी घेऊन दारात उभी. "घ्या, बसवा."

आमच्या गावाकडे दुसऱ्याची कोंबडी बसवली, की निम्मी पिल्लं तिच्या मालकाची. पिल्लं निघाली, जरा मोठी झाली.

सून म्हणाली, "अहो बाबा, फ्राऊ हुबर पिल्लं नको म्हणतायत."

"तिला विचारलंय कोणी?"

कोंबडी आणि निम्मी पिल्लं मी तिच्या अंगणात सोडून आलो.