नव्या दस्त्यावरची चिठ्ठी

बंदुकीचं नाव काढू नको बे, चहा कडू लागतो मला.

आज्याची ठासणीची बंदूक, लायसन आता माझ्या नावावर. नळी शाबूत, पण लाकूड सगळं वाळवीनं खाल्लेलं. म्हणून तलवाड्याच्या रफिकचाचा सुतारानं शिसमाचा नवा दस्ता घडवला. नळी दस्त्यात चपखल बसावी म्हणून तिला काजळी लावून लाकडावर टेकवायची, काळं उमटेल तिथंच तासायचं. असे चार महिने गेले. एक बार उडवायच्या आत इलेक्शन लागलं, अन् दर खेपेसारखी बंदूक ठाण्यात जमा करावी लागली.

निकालानंतर आणायला गेलतो. पाहतो तर नंबराची चिठ्ठी दस्त्यात खिळ्यानं ठोकलेली, अन् लाकूड या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलेलं.

"साहेब, खिळा कावून मारला?"

जमादार म्हणाला, "मागं एकाची चिठ्ठी हरवली, लई बोंब झाली. तुमची बघा, जागची हलली न्हाई."

वर 'बंदूक सुस्थितीत मिळाली' म्हणून रजिस्टरात माझी सही घेतली. मी निघालो, तर मागून म्हणतो, "न्हेता कशाला? पुढच्या महिन्यात झेडपीचं इलेक्शन हाय. चिठ्ठी तर लागलेलीच हाय, ठेवा इथंच."